फिरता घोडा, त्याचा मार्ग आणि जाहिरातीतील अटी

आपण विचारले आहे की, न्यूझीलंडच्या कँटरबरी प्रांतातील १८७० ते १८९० या काळातली वर्तमानपत्रे चाळताना दर वसंतात पैदाशीच्या घोड्यांच्या जाहिरातींचे रकानेच्या रकाने दिसतात. त्यांत वर मोठ्या अक्षरांत घोड्याचे नाव आणि वंशावळ, खाली त्याचा आठवड्याचा मार्ग आणि शेवटी बारीक टाइपात अटी असतात. घोडी घोड्याकडे नेण्याऐवजी घोडाच गावोगाव का फिरवला जात असे, त्या अटींचा अर्थ काय आणि आपल्या मुंबई इलाख्यात असे काही होते का, हे आपले तीन प्रश्न. मी पशुवैद्य आहे आणि माझ्या उमेदीची बहुतेक वर्षे पुणे परिसरातील घोड्यांच्या पैदास केंद्रांवर, घोड्या भरवण्याच्या, म्हणजे घोड्याकडून फळवण्याच्या, आणि विण्याच्या कामात गेली आहेत. त्या अनुभवाच्या आधाराने सांगायचे तर या जाहिरातींतील वंशावळ शेवटी वाचावी आणि मार्ग व अटी आधी वाचाव्यात. वंशावळीत मालकाला काय सांगायचे होते ते कळते, पण शेतकऱ्याला कशाची धास्ती होती, मालकाला कशाची होती आणि घोडीच्या शरीराचे कोणते नियम दोघांनाही चुकवता येत नव्हते, हे अटींतच कळते.

त्या प्रांताची गरज आधी लक्षात घ्यावी लागेल. न्यूझीलंडमध्ये मुळात घोडा नव्हताच. १८१४ च्या डिसेंबरात सॅम्युअल मार्सडेन या धर्मोपदेशकाने सिडनीहून एक घोडा आणि दोन घोड्या उत्तरेकडील बे ऑफ आयलंड्समध्ये उतरवल्या, ती तिथली सुरुवात. कँटरबरीची संघटित वसाहत १८५० च्या डिसेंबरात लिटल्टन बंदरावर उभी राहिली. आरंभी ते मेंढ्यांचे रान होते. पुढे १८७० च्या दशकात त्या सपाट माळावर गव्हाची लाट आली, तशी ओढकामाच्या जड घोड्यांची मागणी एकदम वाढली. दोन फाळांच्या नांगराला तीन घोडे लागत, कापणी-बांधणीच्या यंत्रालाही तितकेच लागत आणि धान्याच्या गाड्या रेल्वे स्टेशनपर्यंत न्यायच्या त्या वेगळ्याच. तिथे बैल नव्हतेच असे नाही, पण कणा घोड्यांचाच होता. १९११ साली साऱ्या न्यूझीलंडमध्ये ४ लाखांहून अधिक घोडे होते आणि तेव्हा माणसांची लोकसंख्या जेमतेम १० लाखांच्या घरात होती.

कामाच्या या जनावरांत नरांचा वाटा मोठा असे तसा घोडींचाही असे, आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. शेतकऱ्याची घोडी ही पैदाशीसाठी राखून ठेवलेली जनावर नव्हती, ती नांगराची घोडी होती. दक्षिण गोलार्धात वसंत सप्टेंबरला सुरू होतो. घोडीचा माज, म्हणजे समागमाला तयार असण्याचा काळ, दिवस मोठा होऊ लागला की सुरू होतो आणि तिचा गर्भकाळ सुमारे ११ महिने, म्हणजे साधारण ३४० दिवसांचा असतो. त्यामुळे भरवण्याचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत चाले. पण वसंती पेरणीची घाईही नेमकी तेव्हाच असे. शिवाय गेल्या वर्षीची गाभण घोडी त्याच दिवसांत व्यायलेली असते, म्हणजे तिच्या पायात आठ-दहा दिवसांचे शिंगरू असते. अशी घोडी वीस मैलांवरच्या घोड्याकडे नेऊन तिथे तीन-चार आठवडे ठेवायची म्हणजे नांगर बंद पडायचा आणि शिंगराची परवड व्हायची. त्यापेक्षा एक घोडा आणि एक मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा नोकर, रस्त्यावर ठेवणे साऱ्या टापूला स्वस्त पडत असे. घोडी दुपारी नांगरातून सोडायची, घोड्यासमोर न्यायची, काम झाले की तासाभराने पुन्हा कामाला लावायची. रेसचे उंची थरोब्रेड घोडे मात्र सहसा फिरत नसत. ते आपल्या जागी उभे राहत आणि घोड्या त्यांच्याकडे येत. एक तर त्यांची किंमत फार, दुसरे त्यांचा स्वभाव. १८६२ साली हेन्री रेडवुड यांनी आणलेला ट्रॅड्यूसर हा त्या देशाच्या रेसिंगमधील फार मोठा जनक घोडा, पण माणसाच्या अंगावर जाण्याबद्दल तो कुप्रसिद्ध होता. असला घोडा सार्वजनिक रस्त्यावरून गावोगाव नेणे शक्यच नव्हते. क्लाइड्सडेल जातीचा जड, शांत घोडा हे काम करू शकत होता आणि ताशी साडेतीन-चार मैलांच्या चालीने हंगामभर चालूनही टिकत होता.

मार्ग आठवड्याचा का, हे पाहण्यासारखे आहे. जाहिरातीत सोमवारी अमुक शेतावरून निघून तमुक हॉटेलात मुक्काम, मंगळवारी पुढचे गाव, बाजाराच्या दिवशी शहर आणि रविवारी घरी विश्रांती, असा फेरा दिलेला असतो. घोडी सुमारे २१ दिवसांनी माजावर येते आणि माज साधारण पाच ते सात दिवस टिकतो. त्यामुळे दर सात दिवसांनी घोडा दारात आला तर तीनपैकी एखाद्या फेरीला ती माजावर सापडण्याचा संभव चांगला असतो, आणि ज्या वारी ती भरली त्याच वारी तीन आठवड्यांनी घोडा पुन्हा हजर असल्याने ती गाभण राहिली की उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, याची परीक्षा आपोआप होते. या मार्गाची आखणी कोणी शास्त्र वाचून केली नसेल, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने ती शास्त्राशी अचूक जुळलेली आहे, आणि मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त कौतुक त्याचेच वाटते.

त्या पद्धतीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. घोडीचे स्त्रीबीज माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी सुटते. घोड्याचे रेत तिच्या शरीरात साधारणपणे दोन दिवस चांगले कार्यक्षम राहते. म्हणजे पाच-सात दिवसांच्या माजात खरे उपयोगाचे दिवस दोन किंवा तीनच असतात. आज पैदास केंद्रावर आम्ही घोडीची अंडाशये सोनोग्राफीने पाहून नेमका दिवस साधतो, आणि तसे करता येत नसेल तर माज असेपर्यंत एक दिवसाआड भरवतो. फिरत्या घोड्याला ती सोय नव्हती. तो माजाच्या पहिल्या दिवशी आला तरी एकदाच भरवणार आणि पुढे निघून जाणार. पहिल्याच खेपेला गाभण न राहणाऱ्या घोड्यांचे प्रमाण त्या पद्धतीत मोठे असणार, हे उघड आहे. म्हणूनच मालक तीन महिन्यांच्या हंगामात तोच फेरा बारा-तेरा वेळा करत.

दारातला तो प्रसंग मी थोडा जवळून सांगतो, कारण अटींचा अर्थ त्यातूनच उलगडतो. घोडी थेट घोड्यापुढे उभी करत नाहीत, मध्ये मजबूत फळ्यांचे कुंपण किंवा बंद फाटक असते. मोतद्दार घोड्याला फाटकाच्या एका बाजूने आणतो आणि त्याला घोडीच्या मानेचा, मग कुशीचा वास घेऊ देतो. घोडी माजावर नसेल तर कान मागे पाडते, किंचाळते, पुढचा पाय आपटते आणि मागच्या दोन्ही पायांनी फाटकावर लाथ झाडते. ती लाथ फळीऐवजी घोड्याच्या मांडीवर बसली तर हंगाम तिथेच संपतो. माजावर असेल तर तीच घोडी स्थिर उभी राहते, शेपटी बाजूला घेते, मागचे पाय किंचित पसरून वाकते आणि थोडे थोडे मुतते. नुकत्या व्यायलेल्या घोडीला मात्र हे करताना शिंगराची इतकी धास्ती असते की माजावर असूनही ती तसे दाखवत नाही. अशा वेळी शिंगरू तिच्या नजरेसमोर धरून ठेवावे लागते. या परीक्षेत मोतद्दाराचा वेळ जातो, घोड्याची शक्ती जाते आणि जोखीम घ्यावी लागते, मग घोडी भरो अथवा न भरो.

आता अटी. आपण पाठवलेल्या नमुन्यांसारख्या जाहिरातींत पुन्हा पुन्हा येणारी एक अट अशी असते की, परीक्षेसाठी आणलेली घोडी पुढे पुन्हा हजर केली नाही तर ती भरली असे धरून पूर्ण पैसे घेतले जातील. वाचताना ती जुलमाची वाटते. पण शेतकरी घोडी एकदा दाखवून, मग तिला गुपचूप शेजारच्या स्वस्त घोड्याकडे नेऊ शकत होता, आणि शिंगरू कोणाचे हे सिद्ध करण्याचे साधन तेव्हा कोणाकडेच नव्हते. रक्तगटाच्या आणि पुढे डीएनएच्या चाचण्या फार नंतरच्या. दुसरी अट अशी की, घोडी विकली किंवा बदलली तर ती गाभण आहे असेच धरले जाईल. तिचेही कारण तेच आहे. घोडी टापूबाहेर गेली की ती व्यायली का, हे मालकाला कळण्याचा मार्ग उरत नसे.

याच्या उलट शेतकऱ्याच्या बाजूची अट म्हणजे शिंगराची हमी. काही मालक ठरावीक फी घेत आणि घोडी गाभण राहो न राहो, ती वसूल करत. काही मालक थोडी जास्त फी लावून शिंगरू झाले तरच पैसे, असा करार करत. या दोन दरांतला फरक म्हणजे विम्याचा हप्ताच होता. मालकाला आपल्या घोड्याच्या फलनशक्तीवर किती भरवसा आहे, हे त्या फरकावरून कळते, आणि जुन्या काळच्या हुशार शेतकऱ्यालाही ते कळत असणार. एक-दोन हंगाम जुन्या आणि शिंगरांनी सिद्ध झालेल्या घोड्याचा मालक हमी द्यायला कचरत नसे. नवख्या, नुकत्याच जहाजातून उतरलेल्या घोड्याच्या जाहिरातीत वंशावळ लांबलचक आणि हमीचा उल्लेख नाही, असे दिसले तर मी सावध होईन. लांबच्या समुद्रप्रवासानंतर आणि ऋतू उलटा झाल्यावर पहिल्या हंगामात घोड्याची फलनशक्ती मंदावलेली असू शकते.

फीचा आकडाही नीट वाचायला हवा. जड घोड्यांसाठी ती साधारण तीन ते पाच पौंडांच्या आसपास दिसते, आणि तेव्हाच्या नांगऱ्याची मजुरी जेवणखाणासह आठवड्याला सुमारे एक पौंड होती हे लक्षात घेतले की तिचे वजन कळते. ही रक्कम बहुधा हंगाम संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे कापणीचा पैसा हातात येण्याच्या सुमारास देय असे. मोतद्दाराचे पाच शिलिंग मात्र पहिल्या भरवणीलाच रोख द्यावे लागत. मोठी रक्कम उधार आणि छोटी रोख, ही विभागणी मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. रस्त्यावर एकट्याने फिरणाऱ्या मोतद्दाराच्या खिशात मालकाची मोठी रोकड राहत नसे, आणि त्याच्या स्वतःच्या कमाईचा काही भाग तो किती घोड्या मिळवतो यावर अवलंबून राही. त्याच्याकडे एक वही असे. घोडीचा रंग, खुणा, मालकाचे नाव, भरवल्याची तारीख आणि उलटल्यास पुढची तारीख तिच्यात लिहिलेली असे. फीवरून वाद होऊन प्रकरण न्यायाधीशापुढे गेले तर ती वहीच पुरावा ठरे. आजही पैदास केंद्रावरची भरवणीची नोंदवही मी स्वतः तपासल्याशिवाय दिवस संपवत नाही, कारण एक तारीख चुकली की विण्याची रात्र चुकते.

जागेवर उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या जाहिरातीत आणखी एक ओळ येते : कुरणाचे भाडे आठवड्याला इतके शिलिंग, पूर्ण काळजी घेतली जाईल, परंतु जबाबदारी घेतली जाणार नाही. अनोळखी घोड्या एकाच कुरणात सोडल्या की पहिले दोन दिवस लाथाळी होते. तारेच्या कुंपणात पाय अडकणे, शिंगराला घशाच्या गाठींचा संसर्गजन्य आजार लागणे, हेही प्रकार होतात. त्या ओळीमागे हा सगळा अनुभव आहे.

घोड्यावर किती भार पडत असेल, हाही विचार मनात येतो. हंगामात ८० घोड्या घेतल्या आणि प्रत्येकीला सरासरी पावणेदोन वेळा भरवावे लागले, तर १४० भरवण्या होतात. तेरा आठवड्यांत विभागल्या तर दिवसाला दोनपेक्षा कमी. निरोगी, प्रौढ घोड्याला हा भार झेपतो. अडचण येते ती भरवण्या सारख्या विभागल्या जात नाहीत म्हणून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकाच दिवशी चार-पाच घोड्या माजावर मिळाल्या की शेवटच्या घोडीचा शेतकरी फसतो. ज्या जाहिरातीत घोडींची संख्या मर्यादित ठेवली जाईल असे स्पष्ट लिहिले आहे, ती मला अधिक विश्वासार्ह वाटते.

वंशावळीबद्दल थोडेच सांगतो. स्कॉटलंडमधील क्लाइड्सडेल हॉर्स सोसायटी १८७७ साली स्थापन झाली आणि तिची वंशावळ-नोंदवही लगेच निघाली. त्यानंतरच्या जाहिरातींत नावापुढे क्रमांक येऊ लागतात. १८६६ मध्ये जन्मलेला प्रिन्स ऑफ वेल्स, क्रमांक ६७३, आणि १८७२ चा डार्नली, क्रमांक २२२, हे त्या जातीचे दोन आधारस्तंभ, आणि वसाहतीतल्या प्रत्येक मालकाला आपला घोडा त्यांपैकी एकाशी जोडायची हौस असे. क्रमांक नसलेल्या नावांवर मात्र विसंबू नये. चँपियन, लॉफ्टी, लॉर्ड क्लाइड ही नावे अनेक घोड्यांना दिलेली आढळतात, आणि ‘यंग’ असे उपपद लावले की तो त्या नावाच्या घोड्याचा मुलगा असल्याचा दावा असतो, पण कोणत्या घोड्याचा ते मालकच जाणे. घोडा आनुवंशिक दोषांपासून मुक्त असल्याचे विधानही तपासून घ्यावे. खुरावरच्या कूर्चेचे हाड होणे, घोट्याच्या सांध्याभोवती हाड वाढणे, धावताना श्वासनलिकेतून घरघर आवाज येणे, हे त्या काळी भीतीचे दोष होते, आणि पूर्वी त्यांची सरकारी तपासणी होत नसे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारी पशुवैद्यांची प्रमाणपत्रे सुरू झाली. खुद्द इंग्लंडात फिरत्या घोड्याला परवाना बंधनकारक करणारा कायदा १९१८ साली आला. त्याआधी शेतकऱ्याचे डोळे हीच तपासणी होती, आणि वसंतात गावच्या कृषी संस्थेच्या घोड्यांच्या प्रदर्शनाला जी गर्दी होई ती याचसाठी.

आपला तिसरा प्रश्न मुंबई इलाख्याचा. इथे चित्र जवळजवळ उलटे होते. दख्खनचा शेतकरी बैलाने नांगरत होता. घोडा लागत होता तो सैन्याला. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टांनी मराठ्यांच्या घोडदळाचा भार वाहिला होता, पण इंग्रजी घोडदळाला त्यांची उंची कमी वाटे. १८७६ च्या सुमारास हिंदुस्थान सरकारने घोड्यांच्या पैदाशीचे खाते नव्याने उभारले. त्याचे प्रमुख हॅलेन हे पशुवैद्य, आणि त्याआधी पुण्यातील लष्करी पशुवैद्यक शाळेशी त्यांचा संबंध होता. या खात्याने विलायती आणि अरबी घोडे जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवले. अधिकाऱ्याने पसंत करून डाग दिलेली घोडी असेल तर तिला सरकारी घोडा फुकट मिळे. म्हणजे घोड्यावर फी नव्हती, हमी नव्हती आणि बारीक टाइपातल्या अटीही नव्हत्या. पण कोणत्या जातीचा घोडा ठेवायचा हे सरकार ठरवत होते, आणि जन्मलेल्या शिंगराचे मोठे गिऱ्हाईकही सरकारच होते. कँटरबरीत एकाच रस्त्यावर तीन मालकांचे तीन घोडे फिरत आणि वाईट शिंगरे देणारा घोडा दुसऱ्या वर्षी रिकामा राही. आपल्याकडे शेतकऱ्याच्या हातात ती निवड नव्हती. माझे मत असे की, विलायती घोड्यांचा संकर भीमथडीच्या काटकपणाला मानवला नाही, याचे एक मोठे कारण ही एकतर्फी निवड हे आहे. एवढे करूनही सैन्याची गरज भागली नाहीच, आणि ऑस्ट्रेलियाचे वेलर घोडे जहाजे भरभरून हिंदुस्थानात येत राहिले. सरकारी पद्धतीचा दुसरा धोका रोगाचा होता. समागमातून पसरणारा डोरीन हा रोग एका घोड्यामुळे सगळ्या जिल्ह्यात पोहोचू शकतो, आणि त्यासाठी १९१० साली स्वतंत्र डोरीन कायदा करावा लागला.

आपण न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पेपर्स पास्ट या संग्रहात शोध घेत आहात, तेव्हा एका घोड्याची एकच जाहिरात पाहून थांबू नका. तो घोडा पुढच्या तीन-चार वर्षांत कुठल्या मार्गावर होता, फी वाढली की उतरली आणि मालक बदलला का, ते पाहा. पहिल्या हंगामात भरलेल्या घोडीचे शिंगरू पुढच्या वसंतात जन्मते, आणि ते मादी असेल तर जन्मल्यापासून तीन वर्षांनी तीच भरवण्याजोगी होते. म्हणजे पहिल्या हंगामापासून मोजले तर पाचव्या हंगामाला घोड्याच्या मार्गावर त्याच्याच मुली उभ्या असतात. जाणता मालक त्याआधीच घोडा दुसऱ्या टापूला विके किंवा शेजारच्या जिल्ह्यातील मालकाशी बदलून घेई. चांगली शिंगरे देणारा घोडा लिटल्टन टाइम्सच्या पानावरून अचानक नाहीसा होऊन पुढच्या सप्टेंबरात दक्षिणेकडील टिमारू हेरल्डमध्ये दिसला, तर तो मेला किंवा नापसंत झाला असे समजू नका. त्याच्या मुली वयात आल्या, एवढाच त्याचा अर्थ असण्याचा संभव जास्त आहे.